जामीन झाला, सुटका नाही

"दादा, जामीन झाला!" बहिणीचा फोन आला आणि मी पेढे घेऊनच कोर्ट गाठलं. भाचा त्यानंतर अकरा दिवस आतच होता.

प्रकरण हाणामारीचं. ऑर्डर अशी: 25 हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. भाचा सेंट्रिंगच्या कामावर, हजेरी 600 रुपये. मी सातबारा पुढे केला. जमीन बीड जिल्ह्यातली, म्हणून कागद परत. उताऱ्यावर चुलत्यांसकट नऊ नावं, तो घोळ वेगळाच. टपरीवर एकजण कानाशी लागला, "पाच हजार द्या, जामीनदार उभा करतो." मोह झाला. वकिलांनी दटावलं, "आधी किती जणांना जामीन राहिलाय ते त्याला कोर्टापुढे सांगावं लागतं. कागद बोगस निघाले तर तुम्हीही अडकाल."

चूक आमचीच. सुनावणीत सगळा भर गुन्ह्यावर. पोराची मजुरी किती, घर कुठं, हे कोणी बोललंच नाही. जामिनाच्या रकमेचं दरपत्रक नसतं. गुन्ह्याचं स्वरूप, आरोपी तारखांना येईल का, त्याची ऐपत किती, हे पाहून न्यायाधीश आकडा ठरवतात. तो अवाजवी नसावा, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 484 सांगतं. सत्र किंवा उच्च न्यायालय तो कमी करू शकतं. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला 10 हजारांचा जामीन लावला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला 1 हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं.

म्हणून सांगतो. जामीन अर्जातच कमाई आणि घरची माणसं लिहा. आकडा ऐकल्याबरोबर, झेपत नसेल तर तिथंच वकिलांना उभं करा. जामीनदार मिळेपर्यंत रोख भरायची परवानगी मागा. आम्ही शेवटी उसनवारी करून तेच केलं. तेही जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकाने त्यांना कळवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा आदेश आहे.

आणि सुटकेचा आदेश हातात पडला की आधी जेल गाठा. आम्ही पोचलो तोवर जेलची जामिनाची पेटी, म्हणजे सुटकेचे आदेश टाकायची पेटी, त्या दिवसापुरती उघडून झाली होती. पोराची आणखी एक रात्र आत गेली, नुसत्या अर्ध्या तासापायी.