खरा आकडा कुठला?

भाचा आला तो भिजूनच. वेल्ह्याहून मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ करत भोरला यायचं म्हणजे श्रावणात वाटेत कुठेतरी सर गाठतेच. रेनकोटाच्या आत पोटाशी धरलेली पिशवी मात्र कोरडी होती. तिच्यातून त्याने बीपीचं मशीन काढलं, आत्याच्या पुढ्यात ठेवलं आणि पाणीसुद्धा न पिता विचारलं, "आत्या, यातला खरा आकडा कुठला?"

मोबाइलमध्ये तीन फोटो होते. 158, 146, 139. दंड आईचाच, मशीनही तेच, आणि तिन्ही फोटो दहा मिनिटांच्या आतले.

"आधी डोकं पूस," आत्या म्हणाली.

आत्याची नोकरी आरोग्य खात्यात गेली. उपकेंद्रावर नर्सबाई म्हणून लागली, आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाली. तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांवर चिखल तुडवत ती लसीच्या पेट्या घेऊन हिंडली आहे, त्यामुळे आपल्याला विचारलेला कुठलाही प्रश्न लसीकरणापासून सुरू करण्याची तिला सवय आहे. शिवाय 2024 साली वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, तेव्हापासून तिच्याकडे एक कायमचा विषय आहे. नाव झकास आहे, तिची तक्रार नाही. पण जेवढा उत्साह पाटी बदलायला, तेवढा दुपारची एसटी वेळेवर सोडायला का नाही, हे ती भेटेल त्याला विचारते. भाच्यालाही विचारून झालं. तो शिरवळच्या एमआयडीसीत कामाला, त्याला एसटीचं काय उत्तर देता येणार?

"एसटी राहू दे. आकडा सांग."

"पहिला कधी घेतलास?"

"सकाळी. आई चुलीपुढून उठली, लगेच बसवली."

"मिश्री लावली होती तिने?"

भाचा गप्प बसला. मिश्री लावल्याशिवाय त्याच्या आईची सकाळ होत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

"दात घासते म्हणायचं आणि अर्धा तास तंबाखू तोंडात धरायची," आत्याचा आवाज चढला. "तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, नाडी पळते. तेवढा वेळ दाब वर जाणारच. मोजायच्या आधी अर्धा तास मिश्री नाही, चहा नाही, चुलीपुढची धावपळ नाही. लघवीला जाऊन यायचं. मग पाठ टेकून पाच मिनिटं नुसतं बसायचं. तू यातलं काय केलंस?"

"बसवली ना. पाटावर."

"पाठ कशाला टेकली होती?"

पाट भिंतीपासून हातभर लांब होता. आई मांडी घालून बसलेली, हात मांडीवर सोडलेला, आणि पट्टा ब्लाऊजची बाही वर सरकवून बांधलेला. आत्याने एकेक गोष्ट विचारून घेतली आणि प्रत्येक उत्तराला कपाळावर हात मारला. वर सरकवलेली बाही दंडाला काचते. त्यापेक्षा एका बाजूचा हात ब्लाऊजमधून काढून पदर घ्यावा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधावा. कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, खाली दोन बोटं शिरतील इतपत घट्ट. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. खुर्ची घ्यावी आणि तळवे जमिनीला टेकवावेत.

हात मांडीवर ठेवल्याने असं काय बिघडतं, हे भाच्याला पटेना. इथे आत्या खुलली, कारण पारा हा तिचा जिव्हाळ्याचा विषय.

"टाकी गच्चीवर असली की खालच्या मजल्यावरच्या नळाला जोर जास्त असतो का नाही? तुझं काळीज म्हणजे टाकी. दंड काळजाच्या खाली गेला की मधल्या रक्ताचं वजन दाबात मिळतं. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. म्हणून दंड दहा सेंटिमीटर खाली गेला, तर पाऱ्याचे सात-आठ मिलिमीटर फुकटचे वाढतात. हे गणित आम्हाला ट्रेनिंगमध्ये फळ्यावर करून दाखवलं होतं."

गणित बरोबर आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 2024 साली हेच माणसांवर मोजून पाहिलं. दंड टेबलावर टेकवून घेतलेल्या आकड्यापेक्षा हात मांडीवर असताना वरचं बीपी सुमारे चारने आणि हात बाजूला लोंबता असताना सुमारे साडेसहाने जास्त आलं. घरात टेबल नसलं तर धान्याच्या डब्यावर दोन उश्या रचाव्यात. पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला आला की झालं.

"म्हणजे 158 खोटा," भाचा म्हणाला. "मग 139 खरा."

"कशावरून?"

"शेवटचा आहे. आई तोवर शांत झाली होती."

आत्या उठली, शिवणाच्या डब्यातून टेप आणली आणि मशीनचा पट्टा उलगडून त्यावरची बारीक अक्षरं त्याला वाचायला लावली. 22 ते 32 सेंटिमीटर. म्हणजे दंडाचा घेर एवढा असेल त्याच्यासाठीच हा पट्टा. वहिनींचा दंड किती, हे आत्याला न मोजता माहीत होतं. जन्मभर भाताची आवणी केलेल्या, एका वेळच्या भाकरीवर राहिलेल्या बायकांचे दंड तिने हजारदा हातात धरले होते. वीस, फार तर एकवीस.

"बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की आकडा कमी दिसतो. जाड दंडाला लहान लावला की जास्त. मेडिकलवाल्याला सांग, याच कंपनीचा लहान पट्टा मागव."

"म्हणजे 139 पण खोटा?"

इथे भाचा अडकला, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. माणूस दीड-दोन हजार रुपयांचं मशीन घेतो तो एक आकडा मिळावा म्हणून. तो मिळत नसेल तर पैसे कशाचे दिले?

आत्याने मग भाटघरचं धरण काढलं. "पावसाळ्यात धरणाची पातळी मोजतात. लाट आली की पाणी पट्टीवर चढतं, गेली की उतरतं. म्हणून धरण भरलं की नाही ते एका लाटेवर ठरवतात का? रोज ठरल्या वेळी बघतात, लिहून ठेवतात. दाबाचं तसंच. प्रत्येक ठोक्याला बदलतो. झोपेत उतरतो, थंडीत चढतो, सुनेशी वाजलं की चढतो, डॉक्टर दिसला की चढतो."

ही शेवटची गोष्ट तिने डोळ्यांनी पाहिलेली. वरच्या वाडीवरून एक म्हातारा दीड तास उतरून दवाखान्यात यायचा, आल्या आल्या कोणीतरी पट्टा बांधायचं, 170 निघायचे आणि गोळी वाढायची. एकदा तिने त्याला बाकावर अर्धा तास बसवून ठेवलं. 138 निघाले. उलटही होतं. दवाखान्यात ठाकठीक दिसणाऱ्या माणसाचा दाब घरी चढलेला असतो, आणि तो कोणाच्याच वहीत येत नाही. घरी मोजण्याचा खरा उपयोग या दोन प्रकारच्या माणसांना. म्हणूनच घरची रेघ वेगळी आखलेली आहे. दवाखान्यात 140/90 च्या पुढे ते जास्त, घरी सरासरी 135/85 च्या पुढे गेली की जास्त.

"कशाची सरासरी?"

सात दिवस मोजायचं. सकाळी उठून, गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. रात्री जेवणाआधी तसंच दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, कारण त्या दिवशी मशीनचीच धास्ती असते. उरलेल्या चोवीसांची बेरीज, भागिले चोवीस. पहिल्या वेळी दोन्ही दंड मोजून बघायचे आणि ज्याचा आकडा जास्त, तोच दंड पुढे धरायचा.

"पण मशीनच चुकत असेल तर?" भाच्याची गाडी पुन्हा त्याच फाट्यावर.

ही शंका लेखकाचीही आहे. पाऱ्याच्या यंत्रात माणूस कान लावून ऐकतो. 1896 साली इटलीच्या रिवा-रोचीने दंडाला पट्टा बांधला, 1905 साली रशियाच्या कोरोत्कोव्ह या सर्जनने त्याखाली स्टेथोस्कोप धरला. ठोका ऐकू येऊ लागतो तो वरचा आकडा, नाहीसा होतो तो खालचा. घरचं मशीन काहीच ऐकत नाही. पट्टा सैल होताना रक्ताच्या धक्क्याने आतल्या हवेत कंप येतो, तो टिपून ते हिशेबाने वरचा-खालचा आकडा काढतं. ठोके अनियमित पडणाऱ्या माणसात हा हिशेब गडबडतो.

"पारा असता तर ही कटकट नव्हती," आत्या हळहळली.

"मग काढला कशाला?"

ती जरा थांबली. पारा विषारी, म्हणून. जपानमधल्या मिनामाता गावाच्या नावाने 2013 साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पाऱ्याची यंत्रं हळूहळू मागे पडली. तिच्या उपकेंद्रात एकदा नळी फुटली होती. पाऱ्याचे मणी फरशीच्या भेगांतून खाटेखाली पळाले, आणि तिने ते पोस्टकार्डाने गोळा करून पेनिसिलीनच्या रिकाम्या बाटलीत भरले. हातमोजे नव्हते. पुढे नवी नळी मिळावी म्हणून तिने चार अर्ज केले, त्यांची कहाणी वीस मिनिटांची आहे. ती इथे गाळली.

तर मशीन. वर्षातून एकदा ते दवाखान्यात न्यावं आणि तिथल्या यंत्राशी ताडून बघावं. मनगटावरचं घेऊ नये, घड्याळावर भरवसा ठेवू नये.

मिठाचं तिने काढलं तेव्हा भाचा "माहितीय, माहितीय" म्हणाला. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. घरात सुकट, लोणचं, पापड असताना ती सकाळच्या जेवणातच संपते. तो ऐकत नव्हता. लहान पट्ट्याची किंमत मोबाइलवर बघत होता.

"गोळी रोज घेते ना ती?"

"आकडा बघून घेते. 130 च्या खाली आला की त्या दिवशी नाही. उगाच कशाला, म्हणते."

आत्या आता खरी चिडली. आकडा खाली आला तो गोळीमुळे! पाऊस अंगावर पडत नाही म्हणून छत्री मिटायची का? चालू गोळी डॉक्टरने दिली, ती डॉक्टरच कमी करेल. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात तर उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरुवातीच्याच टप्प्यात आला. कुठली गोळी आधी, दाब उतरला नाही तर पुढे कुठली, सगळं ठरलेलं.

"जन्मभर घ्यायची?"

"चष्मा जन्मभर लावतोस, त्याचं काही वाटत नाही तुला."

मग मशीनचा उपयोग काय, हा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तो तिथे होता. ब्रिटनमध्ये सुमारे 1200 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये आली. घरचे आकडे बघून डॉक्टरांनी ज्यांची औषधं बदलली, त्यांचं वरचं बीपी वर्षाअखेर इतरांपेक्षा साडेतीन ते पावणेपाचने कमी होतं. मात्र त्याआधी अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा नुसतं मोजून गप्प बसणाऱ्यांना जवळपास काहीच फायदा दिसला नव्हता. आत्याने हे वाचलेलं नाही. तिने कपाटातून नातवाची अर्धी कोरी वही काढली, चार उभ्या रेघा मारल्या: तारीख, वेळ, पहिला, दुसरा. "आकडा पाहून गोल करायचा नाही. 137 आला तर 137 लिही."

"आणि एकदम दोनशे दाखवले तर?"

"पाच मिनिटं थांबून परत घे. तरी 180/120 च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला कळव. आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, असलं काही असेल तर आकडा बघत बसू नकोस. 108 ला फोन लाव."

आठ दिवसांनी शिरवळहून जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. लहान पट्टा आला होता. दंड साडेवीस निघाला. गोळी रोज, मिश्री मोजून झाल्यावर. सरासरी 141.

"पहिला दिवस धरलास का?"

धरला होता. पुन्हा हिशेब करून त्याने संध्याकाळी कळवलं, 138 वर 82.

"तीनच जास्त आहे, आत्या. एवढ्यासाठी खाडा करायचा?"

"वही घे, मशीन घे, गोळ्यांचं पाकीट घे. आणि वहिनींना सकाळच्या गाडीने आण. दुपारच्या एसटीचा काही नेम नाही."