स्वमग्न बालकांचे शिक्षण : एका खोलीचा प्रश्न



अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा आपल्याला ऐकून तरी माहीत असतात. परंतु हाक मारली तरी वळून न पाहणारे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणारे, एकच खेळ तासन्तास खेळणारे आणि कुकरची शिट्टी होताच कान झाकणारे मूल कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न पहूरसारख्या गावातील पालकांपुढे आजही उभा राहतो. या अवस्थेस स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम असे म्हणतात.

1943 साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी 11 मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे काही काळ आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, असा समज पसरला होता. संशोधनाने तो खोटा ठरविला. अशा मुलाच्या मेंदूची जडणघडणच वेगळी असते. हा आईचा दोष नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. म्हणून गंडेदोऱ्यांत गेलेली वर्षे मुलाच्या शिक्षणातून वजा होतात, हे ध्यानात घ्यावे.

कायद्यानेही या मुलांची दखल उशिराच घेतली. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील 7 प्रकारांत स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि 2016 च्या कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत तिचा समावेश झाला. याच कायद्याच्या कलम 31 प्रमाणे, किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

आम्ही बँकेतील माणसे. हिशेब मांडल्याशिवाय आम्हास समजत नाही. पहूर ते जळगाव अंतर सुमारे 40 किलोमीटर. एका फेरीला एसटीचे भाडे, एका पालकाची बुडालेली रोजंदारी आणि गर्दी व हॉर्नमुळे बिथरलेले मूल. मजुराच्या घराला हे आठवड्यातून दोनदा कसे परवडावे? काही फेऱ्यांनंतर जाणे थांबते आणि मुलाचे शिकणेही थांबते. म्हणून मूल दूर नेण्यापेक्षा शिक्षण गावाजवळ आणले पाहिजे.

त्यासाठी मोठी इमारत नको. चालू शाळेतील एक शांत खोली, मोजकी मुले आणि प्रशिक्षित विशेष शिक्षक एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. तेथे दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावतात. हात धुणे शिकवायचे तर नळ उघडणे, साबण लावणे, हात चोळणे अशा लहान पायऱ्या करतात. न बोलणारे मूल पाण्याचे चित्र हाती देऊन पाणी मागू लागते. तयारी होईल तसे ते नेहमीच्या वर्गातही बसू लागते. सप्टेंबर 2022 मध्ये केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर अशा 10 व उच्च प्राथमिक स्तरावर 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरविले. आपल्या मागणीला हाच आधार आहे.

आपण तीन कामे करू शकतो. पहिले, दीड-दोन वर्षांच्या मुलात वरील लक्षणे दिसल्यास अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकास दाखवावे. मूल मोठे होईल तसे बोलेल, म्हणून थांबू नये. दुसरे, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे. त्याचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी या कामी पालकांना साह्य करावे. तिसरे, पेठ व कसबे या दोन्ही भागांतील, तसेच आसपासच्या खेड्यांतील अशा मुलांची यादी करून ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि ग्रामसभेत ठेवावी. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा असतो. त्याचा विनियोग कसा होतो, हेही तेथे विचारावे.

ज्या मुलाचे नाव कोणत्याच नोंदीत नाही, त्याच्यासाठी शिक्षक मंजूर होत नाही आणि खोलीही उघडत नाही. म्हणून समाजबांधवांनो, आरंभ यादीपासून करू या. आपल्या गल्लीत असे मूल असेल तर त्याचे नाव त्या यादीत आले पाहिजे.