चहाच्या विरजणातील दोन भागीदार

दुधाला विरजण लावले की दही होते, हे आपणांस ठाऊक आहेच. चहालाही विरजण लावता येते! साखर घातलेला कोरा चहा पूर्ण निववून त्यात मागच्या खेपेचा आंबट चहा व त्यावरची जाड साय घातली, की आठदहा दिवसांत आंबटगोड पेय तयार होते. हाच कोंबुचा. रशियात या सायीला चहाची अळंबी म्हणतात, पण ती अळंबी नव्हे. जीवाणूंनी विणलेली ती सेल्युलोजची चादर आहे. म्हणजे कापसाचेच द्रव्य! व्हिनेगर करणारा एक जीवाणू सेल्युलोज बनवतो, हे एड्रियन ब्राउन या इंग्रज रसायनज्ञाने १८८६ साली दाखवून दिले.

या भांड्यात दोन भागीदार नांदतात. यीस्ट, म्हणजे किण्व, इन्व्हर्टेज या विकराने साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करते आणि त्यांपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवते. ॲसेटिक जीवाणू त्या अल्कोहोलाचे आम्ल करतात. यीस्ट नसेल तर जीवाणूंची उपासमार होते. यीस्ट फार माजले तर अल्कोहोल साठते, चव ताडीकडे झुकते आणि घट्ट बुचाची बाटली कोंडलेल्या वायूने फुटूही शकते. २०१० साली अमेरिकेत अनेक दुकानांनी कोंबुचाच्या बाटल्या काढून घेतल्या, कारण अल्कोहोल तेथील ०.५ टक्के मर्यादेपलीकडे गेल्याची शंका होती. बाटलीत बंद झाल्यावरही यीस्टचे काम थांबत नाही!

मग तोल राखायचा कसा? यीस्टचे हवेवाचून अडत नाही. जीवाणूंचे मात्र अडते. म्हणून भांडे रुंद तोंडाचे घ्यावे आणि त्यावर झाकणाऐवजी घट्ट विणीचे फडके बांधावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते. यीस्ट तपकिरी गाळ होऊन तळाशी बसते. वरचे निवळ पेय पिऊन तळचे गढूळ पाणी विरजणाला ठेवले, तर दर खेपेस आपण यीस्टचीच निवड करत जातो. यास्तव न ढवळता वरच्या थरातूनच विरजण काढावे. नव्या चहाच्या दहाव्या हिश्शाइतके पुरते. गाळ वाढल्यास थोडा काढून टाकावा, सगळा नव्हे. तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस असावे. विदर्भातील वैशाखात ॲसेटिक जीवाणू मंदावतात, यीस्ट मात्र जोरात असते. तेव्हा भांडे गार जागी हलवावे.

शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करून पाहा. एकाच चहाचे दोन समान भाग करून, सारखेच विरजण लावून, एक रुंद काचपात्रात व दुसरा अरुंद, उंच बरणीत ठेवा. दोहोंवर फडके बांधा. रोज ठराविक वेळी सामू-कागदाने सामू पाहून वहीत नोंदवा. तो सुमारे ३ पर्यंत उतरतो. वर हिरवी वा काळी बुरशी दिसली तर सायीसकट सर्व फेकून द्या. पेय चाखू नका. त्यात थोडे तरी अल्कोहोल असतेच. कोणत्या भांड्यात सामू आधी उतरतो आणि कोणत्या भांड्याची साय जाड होते?