दुधातील भेसळ आणि कर्बोदकांच्या चाचण्या

दुधात पाणी मिसळल्यास त्याची घनता घटते व लॅक्टोमीटरवर ते उघड होते. ही घट लपविण्यासाठी दुधात स्टार्च, साखर किंवा ग्लुकोज मिसळले जाते. हे तिन्ही पदार्थ कर्बोदकेच आहेत. परंतु गाईच्या शुद्ध दुधातही सुमारे ४.५ ते ५ टक्के लॅक्टोज ही शर्करा असते. म्हणूनच येथे कर्बोदक आहे की नाही, हा प्रश्न नसून ते कोणते आहे, हा प्रश्न आहे.

मॉलिश चाचणीत अल्फा-नॅफ्थॉल व संहत सल्फ्युरिक आम्लामुळे जांभळे कडे दिसते. ही कर्बोदकांची सर्वसाधारण चाचणी असल्याने ती शुद्ध दुधातही होकारार्थी येते. बेनेडिक्ट चाचणीत क्षपणकारक शर्करेमुळे मोरचुदातील तांब्याचे क्षपण होऊन विटकरी-लाल अवक्षेप मिळतो. लॅक्टोज क्षपणकारक असल्याने येथेही भेसळ वेगळी ओळखता येत नाही. याउलट, साखर म्हणजेच सुक्रोज क्षपणकारक नसल्याने ती या चाचणीस प्रतिसादच देत नाही.

स्टार्च : दूध उकळून थंड करावे व आयोडिनचे काही थेंब टाकावेत. निळा रंग आल्यास स्टार्च आहे. गरम द्रावणात हा रंग नाहीसा होतो. म्हणून दूध थंड करणे आवश्यक असते.

साखर : दुधात हायड्रोक्लोरिक आम्ल व रिसॉर्सिनॉल घालून परीक्षानळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवतात. आम्लामुळे सुक्रोजचे विघटन होऊन फ्रुक्टोज मिळते व लाल रंग येतो. लॅक्टोजपासून ग्लुकोज व गॅलॅक्टोज मिळत असल्याने एवढ्या वेळात तो रंग येत नाही. सेलिवानॉफ चाचणीचे तत्त्व हेच आहे.

ग्लुकोज : बारफोड अभिकर्मक आम्लधर्मी असतो. त्यात ग्लुकोजसारख्या एकशर्करा तांब्याचे क्षपण लवकर करतात. लॅक्टोज ही द्विशर्करा असल्याने तिला अधिक वेळ लागतो. दुधासाठी सुधारित बारफोड अभिकर्मक वापरून तीन मिनिटे तापवितात व थंड केल्यावर फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल घालतात. गडद निळा रंग ग्लुकोजची भेसळ दर्शवितो; शुद्ध दुधात केवळ फिकट निळसर छटा येते.

विद्यार्थ्यांनी रंगांची यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक चाचणी कोणत्या रासायनिक गुणधर्मावर आधारलेली आहे, हे समजून घ्यावे. तापविण्याचा कालावधी वाढविल्यास लॅक्टोजही प्रतिसाद देऊ लागते आणि शुद्ध दूध भेसळयुक्त ठरण्याचा धोका निर्माण होतो. चाचणीत वेळ पाळणे महत्त्वाचे असते, ते यासाठीच.