प्लेऑफचं तिकीट काढण्याआधी

एप्रिल लागला की मंडळाच्या वर्षप्रतिपदेच्या जेवणात, पानावर श्रीखंड पडायच्या आधीच कुणीतरी हळूच विचारतं, "काकू, प्लेऑफचं तिकीट साधारण केवढ्याला पडतं हो?" विचारणाऱ्यानं बहुधा नुकताच इथला पहिला हिवाळा काढलेला असतो. मुलाच्या वर्गात निम्मी पोरं निळी जर्सी घालून येतात आणि ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नसतो. आपणही एकदा आत जाऊन बघावं असं त्याला वाटतं आणि त्यात काही गैर नाही. पण या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. म्हणून टोरांटो, मिसिसागा, ओटावा आणि एडमंटनला, तसंच सीमेपलीकडे न्यू जर्सी, रॅले आणि डॅलसला पंधरा-वीस वर्षं काढलेल्या घरांशी बोलून हे टिपण केलं आहे.

आधी थोडी ओळख. बर्फावरच्या हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत, त्यातले ७ कॅनडाचे. एप्रिलच्या मध्याला १६ संघ प्लेऑफमध्ये जातात. प्रत्येक फेरीत समोरच्या संघाला ४ वेळा हरवायचं, म्हणजे एक जोडी जास्तीत जास्त ७ सामने खेळते. अशा ४ फेऱ्या झाल्या की जूनमध्ये स्टॅन्ली कप कुणाचा ते ठरतं. तिकिटाचा भाव फेरीगणिक चढतो. पहिल्या फेरीत जी खुर्ची परवडेल असं वाटतं, ती तिसऱ्या फेरीत बघवत नाही.

आता मुख्य गोष्ट. भाव खेळाच्या दर्जावर ठरत नाही. गावाची भूक किती आणि विक्रीला खुर्च्या किती, यावर तो ठरतो. वानखेडेवर मोठा सामना असला की बरीचशी तिकिटं क्लबांच्या वाट्याला जातात आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्याच्या हाती फार थोडी लागतात, हे आपल्याला ठाऊक आहे. इथं ती जागा सीझन तिकीटवाल्यांची. प्लेऑफच्या खुर्च्यांवर पहिला हक्क त्यांचा. टोरांटोत अशा तिकिटासाठी लोक वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत असतात, शिवाय चांगल्या जागांपैकी कितीतरी कंपन्यांनी धरून ठेवलेल्या. उरलेली थोडी तिकिटं खुल्या विक्रीत काही मिनिटांत संपतात. मग तुमच्या-माझ्यासाठी राहते ती फेरविक्री. आपण ज्याला ब्लॅक म्हणायचो तेच, पण राजरोस आणि अधिकृत अ‍ॅपवर.

टोरांटोच्या मेपल लीफ्सनी कप जिंकला तो १९६७ साली. २००४ नंतर प्लेऑफची एक फेरी जिंकायलाही त्यांना २०२३ उजाडलं. इतक्या वर्षांची आस लागलेल्या शहरात पहिल्या फेरीची अगदी छताजवळची खुर्चीही साधारण २०० ते ३०० कॅनेडियन डॉलरपासून सुरू होते. चौघांचं घर धरा, प्रत्येकी २८० धरा. ११२० डॉलर झाले. ओंटारियोत किमान वेतन ताशी १७.६० डॉलर आहे. म्हणजे नुकत्याच कामाला लागलेल्या माणसाचे, कर कापायच्या आधीचे, ६३ तासांहून जास्त काम. एवढा हिशेब एकदा कागदावर मांडा आणि मगच फोन हातात घ्या.

माँट्रियलचं बेल सेंटर हे लीगमधलं सगळ्यात मोठं मैदान, २१ हजारांच्या आसपास खुर्च्या, तरी तिथं भाव उतरत नाही. २४ कप जिंकलेला संघ आहे तो, आणि कॅनडातल्या संघानं कप शेवटचा जिंकला तो त्यांनीच, १९९३ मध्ये. तिथं लोक हॉकी बघायला देवदर्शनाच्या ओढीनं जातात. शिवाय क्यूबेकमध्ये करच जवळपास १५ टक्के, ओंटारियोत १३, आल्बर्टात ५. कायद्याप्रमाणे विक्रेत्याला आपलं शुल्क धरूनच भाव दाखवावा लागतो, पण कर शेवटच्या पानावर वाढू शकतो. तो धरूनच तुलना करा. ओटावाचं मैदान शहरात नाही, पश्चिमेला कनाटात आहे. आपली आयटीतली बरीच घरं तिकडेच आहेत, त्यांना ते जवळ पडतं. टोरांटोच्या मानानं तिथलं तिकीट बहुतेक वर्षी हलकं पडतं. पण समोर टोरांटोचाच संघ आला की टोरांटोकर गाड्या भरून तिथं पोचतात आणि भाव वर जातो.

एडमंटनचं उदाहरण नीट लक्षात ठेवा. २०२४ मध्ये तिथले ऑयलर्स अंतिम फेरीत गेले, २००६ नंतर प्रथमच. समोर फ्लोरिडा पँथर्स. तेव्हा एडमंटनमधलं तिकीट इतकं चढलं की विमानानं फ्लोरिडाला जाऊन तिथं सामना बघणं स्वस्त पडतं, अशा बातम्या आल्या. कप एकच, संघ तेच, फक्त गाव वेगळं.

हे ऐकून कुणी लगेच बॅग भरेल, म्हणून सांगते. भारतीय पासपोर्ट असलेल्याला, कॅनडाचं कायम वास्तव्य मिळालं असलं तरी, अमेरिकेत जायला व्हिसा लागतोच. आणि व्हिसा असला तरी तिकीट मिळेल असं नाही. २०२३ मध्ये टोरांटोविरुद्धच्या फेरीत पँथर्सनी आपली तिकिटं फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांनाच विकायची असं ठरवलं होतं. पाहुण्यांनी मैदान निळं करू नये म्हणून असे नियम होतात. तिकीट हातात आल्याशिवाय विमानाचं बुकिंग करू नका.

अमेरिकेत राहणाऱ्या नवागतांना मात्र माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या दाराशी चांगली हॉकी माफक दरात आहे आणि ते तुम्हाला माहीत नसतं. रॅले आणि डॅलसमध्ये पहिल्या फेरीची वरची खुर्ची १०० अमेरिकी डॉलरच्या आसपास, कधी त्याहूनही खाली मिळते. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरांना न्यूअर्कचं प्रुडेन्शियल सेंटर लोकलनं गाठता येतं, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. २०२३ मध्ये न्यूअर्कचे डेव्हिल्स आणि न्यू यॉर्कचे रेंजर्स पहिल्याच फेरीत भिडले, सातही सामने झाले, डेव्हिल्स जिंकले. पहिले दोन सामने न्यूअर्कला, पुढचे दोन मॅनहॅटनच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला, मग एक आड एक. गार्डनचा भाव नेहमीच चढा. आपल्याला रेंजर्स आवडत असले तरी त्यांना न्यूअर्कला जाऊन बघावं, असं तिथली जुनी मंडळी सांगतात, आणि ते मला पटतं.

तिकीट केव्हा काढायचं? मालिकेतला पहिला सामना त्यातल्या त्यात स्वस्त आणि सातवा सगळ्यात महाग. घरच्या मैदानावर संघ हरला की पुढच्या सामन्याचा भाव त्याच रात्री थोडा खाली येतो. सामन्याच्या दिवशी दुपारनंतर, विशेषतः शेवटच्या तासाभरात, न खपलेली तिकिटं विकणारे भाव पाडतात. एकटा-दुकटा माणूस मैदानाबाहेर उभा राहून असं तिकीट घेऊ शकतो. चौघांना एकत्र जागा हवी असेल तर हा खेळ खेळू नका, मुलं बरोबर असताना तर नाहीच. पाचव्या, सहाव्या, सातव्या सामन्याची तिकिटं मालिका संपण्याआधीच विकली जातात. सामना झालाच नाही तर अधिकृत विक्रेत्याकडून पैसे परत येतात, पण लगेच नाही. तेवढे दिवस ती रक्कम अडकते.

इथं क्रेडिट कार्डाचा मुद्दा येतो. नव्या माणसाच्या कार्डाची मर्यादा बहुधा हजार-दीड हजाराची असते. चार तिकिटांत ती भरून जाते आणि ज्या क्रेडिट स्कोअरवर पुढं घरभाडं, गाडी, फोन सगळं अवलंबून आहे, तो खाली येतो. अशी खरेदी केलीच तर बिलाची वाट न बघता त्याच आठवड्यात पैसे भरून टाका. भाव डॉलरमध्ये आहे, पण कोणत्या डॉलरमध्ये, हेही बघा. फेरविक्रीची काही अ‍ॅप्स अमेरिकी डॉलर दाखवतात आणि पैसे भरल्यावर स्टेटमेंट बघून धक्का बसतो.

फसवणुकीबद्दल कळकळीनं सांगते. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं, नुकतंच शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्या, अनोळखी माणसाला बँकेतून थेट ई-ट्रान्सफरनं ६०० डॉलर पाठवले. समोरच्यानं तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला होता, त्यावर रांग आणि खुर्चीचा नंबर सगळं व्यवस्थित. दारावरच्या बाईनं तो बघितला आणि मान हलवली. आताच्या मोबाइल तिकिटाचा बारकोड सतत बदलत असतो, स्क्रीनशॉट चालतच नाही. तिकीट अ‍ॅपमधून तुमच्या नावच्या खात्यात आलं तरच ते तुमचं. आणि स्वीकारलेला ई-ट्रान्सफर परत मागवता येत नाही. ते पोर मित्राबरोबर दोन तास बाहेर थंडीत उभं होतं. घरी आईला त्यानं अजून सांगितलेलं नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते इथं येऊन सहा वर्षं झाल्यावर. मुलगा पाचवीत होता. मिसिसागाहून गो ट्रेननं युनियन स्टेशन, तिथून बाहेर न पडताच मैदानात. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना गो ट्रेनमध्ये तिकीट नसतं, तेवढेच वाचले. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून पोळीभाजीचे रोल गाडीतच संपवले. वरच्या रांगेतून पक, म्हणजे खेळातली छोटी चकती, दिसत नाही, पहिली दहा मिनिटं तो म्हणत होता, "आई, कुठंय?" मग त्याचा डोळा बसला. टीव्हीवर कधी ऐकू येत नाही तो आवाज तिथं येतो, बर्फावर स्केट ओरखडल्याचा, खरवडणीनं खोबरं खरवडावं तसा. गोल झाला आणि शेजारच्या पांढऱ्या मिशांच्या आजोबांनी त्याला उचलून खुर्चीवर उभं केलं. आमची त्यांची ओळख नव्हती.

तो सामना ठरल्या वेळेत बरोबरीत राहिला आणि जादा सत्र सुरू झालं. हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. प्लेऑफमध्ये पेनल्टीवर निकाल लावत नाहीत. २० मिनिटांचं पूर्ण सत्र, त्यातही गोल नाही झाला तर आणखी एक, गोल होईपर्यंत. २०२५ मध्ये विनिपेगनं सेंट लुईसविरुद्धच्या सातव्या सामन्यात शेवटचे दोन सेकंदही उरले नसताना बरोबरी साधली आणि निकाल लागला दुसऱ्या जादा सत्रात. आमची शेवटची गाडी चुकली. टॅक्सीला जे पडले त्यात महिन्याचा भाजीपाला आला असता. म्हणून निघण्याआधी शेवटच्या गाडीची वेळ आणि पर्यायी सोय, दोन्ही लिहून ठेवा. आत थंडी असते, मे महिन्यातही स्वेटर न्या.

पहिल्या वर्षी आत जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर जा. टोरांटोत मैदानासमोरच्या चौकात मोठ्या पडद्यावर सामना दाखवतात, त्याला पैसे लागत नाहीत. त्या वर्षी पास लागतो का तेवढं बघून घ्या. विनिपेगला तर १९८७ पासून प्लेऑफला सगळं गाव पांढरे कपडे घालतं. घरातला पांढरा झब्बा घालून गेलेला आमचा एक भाचा तिथल्या गर्दीत सहज मिसळला.

दुसऱ्या वर्षी आत जा, पण लहान मैदानात. एक्झिबिशन प्लेसच्या कोका-कोला कोलिझियममध्ये मार्लीज खेळतात, लीफ्सचे उद्याचे खेळाडू तिथं तयार होतात. त्यांनी २०१८ मध्ये आपल्या लीगचा काल्डर कप जिंकला. तिथंच टोरांटो सेप्टर्स हा महिला संघ खेळतो. महिलांची ही व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि खेळ अतिशय वेगवान आहे. या दोन्ही संघांच्या सामन्यांना बहुतेक वेळा ५० डॉलरच्या आत खुर्ची मिळते आणि पक दिसतो. ज्यांच्या मुली हॉकीकडे 'मुलांचा खेळ' म्हणून बघतात, त्यांनी सेप्टर्सपासूनच सुरुवात करावी. घरी बघणार असाल तर पंजाबी समालोचनही ऐका. २००८ पासून ते चालू आहे आणि इंग्रजीत न कळलेले बरेच नियम आमच्या सासऱ्यांना त्यातूनच कळले.

शेवटी एक विनंती. या वर्षी तुम्ही तिकीट काढलंत तर शहर, फेरी, रांग आणि कर धरून एकूण किती पडले, एवढं चिठ्ठीवर लिहून मंडळाकडे द्या. वरचे आकडे दरवर्षी जुने होतात, आणि पुढच्या पाडव्याला कुणीतरी नवीन माणूस हाच प्रश्न विचारणार आहे.