ऑपरेशननंतर जन्मभर पेजच का?

प्रश्न : माझं वय ४२, उंची ५ फूट २ इंच, वजन ९६ किलो. मधुमेह आहे. डाएट केलं की वजन उतरतं, पुन्हा चढतं. डॉक्टरांनी बॅरिअॅट्रिक सर्जरी सुचवली आहे. सासूबाई म्हणतात, पोट कापलं की जन्मभर पेजेवर राहावं लागतं. खरं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पातळ आहार साधारण पहिले दोन आठवडेच. मग मिक्सरमधून काढलेलं, पुढे मऊ वरणभात आणि दीड-दोन महिन्यांत घरचं जेवण. या सर्जरीच्या ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात, त्यामुळे अर्ध्या पोळीतही पोट भरतं.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३८ च्या पुढे आहे, शिवाय मधुमेह. म्हणजे सल्ला योग्यच आहे. पण घाई नको. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचाही पर्याय आहे. मात्र ती थांबवली की वजन बहुधा परत वाढतं. दोन्हींबद्दल विचारा, हवं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

मिसरी किंवा तंबाखू असेल तर आधी सोडा. ऑपरेशननंतर ताटात आधी पनीर, दही, मुगाचं धिरडं, अंडं, भात शेवटी. जेवताना पाणी नको. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या. मधुमेहाची औषधं डॉक्टरांना विचारूनच कमी करा. वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळा.

ताप, छातीत धडधड, पोटात वाढती कळ किंवा न थांबणारी उलटी झाली, तर लगेच रुग्णालय गाठा. केस गळू लागले तर घाबरू नका. प्रथिनं नीट घेतली की बहुतेकदा काही महिन्यांत गळणं थांबतं.