विसाव्याची कूड

आमच्या कोंकणी बोलीत खोलीला 'कूड' म्हणतात आणि देहालाही 'कूड'च म्हणतात. मराठीतही देहाला 'कुडी' हा शब्द आहेच. या शब्दांचे नाते काय असेल ते पंडितांनी ठरवावे. आम्हांस त्यातून एक साधा बोध होतो, तो असा की, माणूस ज्या खोलीत निजतो ती खोली म्हणजे त्याच्या देहाचे दुसरे आवरणच होय.

हा विषय आम्हांस सुचला तो वर्गात. पहिल्याच तासाला काही मुले डुलक्या घेऊ लागली, तेव्हा प्रथम आम्ही रागावलो. मग एके दिवशी सर्वांना आपापली निजण्याची जागा कागदावर रेखाटण्यास सांगितले. बहुतेकांनी खाट, खिडकी, दिवा काढला. एका मुलीने मात्र कागद कोराच परत दिला. विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "बाई, माझी जागा रोज बदलते. टीव्ही बंद झाला की जिथे मोकळे असेल तिथे मी निजते." त्या कोऱ्या कागदापुढे आमचा राग ओशाळला.

शयनगृहाची सजावट म्हटली की कोरीव पलंग आणि भारी पडदे डोळ्यांपुढे येतात. परंतु विद्यार्थिमित्रहो, जेथे झोप येत नाही ती खोली कितीही शोभिवंत असली तरी ते केवळ सामानाचे प्रदर्शन होय. म्हणून आधी विसावा आणि मग शोभा, असा क्रम आपण ठेवू.

पहिली गोष्ट उजेडाची. काळोख पडू लागला म्हणजे मेंदूतील पिनियल नावाची इवलीशी ग्रंथी मेलॅटोनिन हे द्रव्य रक्तात सोडू लागते आणि रात्र झाल्याची वर्दी सर्व शरीरास मिळते. १९५८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात एरन लर्नर आणि त्यांचे सहकारी यांनी हे द्रव्य शोधून काढले. आपल्या दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत की, त्यांच्यावर निळसर प्रकाश पडला की ही वर्दी लांबते. मोबाईलच्या पडद्याचा आणि पांढऱ्याशुभ्र दिव्याचा प्रकाश नेमका या जातीचा असतो. म्हणून दिवा विकत घेताना डब्यावरचा आकडा पाहावा. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा उजेड. तो अभ्यासाच्या मेजावर असावा. २७०० केल्विन म्हणजे समईच्या ज्योतीकडे झुकणारा पिवळसर उजेड. तो उशाशी असावा, आणि डोळ्यांवर न येता भिंतीवर पडेल असा ठेवावा. निजण्यापूर्वी तासभर एवढाच दिवा पुरे.

दुसरी गोष्ट हवेची. गोव्यातील जुनी घरे या बाबतीत आपले गुरू आहेत. जांभ्या दगडाच्या जाड भिंती दिवसाचे ऊन सहज आत येऊ देत नाहीत. तापलेली हवा हलकी होऊन उंच छपराकडे जाते व कौलांच्या फटींतून निसटते. मधले राजांगण घराला श्वास देते. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा उजेडही गाळून घेतल्यासारखा सौम्य असतो. आजच्या सिमेंटच्या घरांत दिवसभर तापलेले छप्पर रात्री उष्णता परत देते. तेव्हा दिवस मावळताच समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या आणि खाट त्या वाऱ्याच्या वाटेवर ठेवावी. डासांसाठी मच्छरदाणी हवीच. स्वच्छ पांढरी मच्छरदाणी ही स्वतःच एक शोभा आहे. पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीस चिकटवू नये. वीतभर अंतर ठेवले म्हणजे हवा खेळते व बुरशी धरत नाही. चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर बुरशी सहसा वाढत नाही, शिवाय फिकट रंग थोडा उजेडही खोलीभर पसरवतो.

तिसरी गोष्ट अंथरुणाची. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे आपण खर्चाविषयी म्हणतो. येथे ते शब्दशः घ्यावे. महागड्या गादीपेक्षा धुतलेली सुती चादर आणि आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आपल्या दमट हवेत अधिक सुखाची. दमट गादीत डोळ्यांना न दिसणारे धूळकीटक वाढतात व काहींना त्यांमुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो. म्हणून पावसाने उघडीप दिली की गाद्या-उशा उन्हात घालाव्या.

आता शोभा. भिंतीवर दहा चित्रांपेक्षा एकच आवडते चित्र लावावे. चादर, पडदा आणि उशीचे अभ्रे यांचे रंग एकमेकांशी भांडू नयेत. घासलेल्या तांब्यात दोन-चार फुले ठेवावी. खोलीतील झाड रात्री हवा बिघडवते अशी समजूत आहे. वस्तुतः लहानशी कुंडी रात्रभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडते, त्याहून कितीतरी अधिक शेजारी निजलेला माणूस सोडतो. कुंडी खुशाल ठेवावी.

पालकांना एक विनंती. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. स्वतंत्र खोली प्रत्येकास देता येणार नाही. परंतु ठरलेला कोपरा आणि ठरलेली वेळ देता येते.

त्या मुलीच्या आईवडिलांशी आम्ही बोललो. घर दोन खोल्यांचे, माणसे सहा. तरी त्यांनी कपाट आडवे लावून मागे एक अरुंद जागा काढली, जुन्या साडीचा पडदा टांगला, एक खुंटी ठोकली आणि रात्री साडेनऊनंतर टीव्ही बंद ठेवण्याचे ठरवले. पाहुणे आले की तो कोपरा अजूनही मोडतो, असे ती सांगते. पण परवा तिने न मागता एक कागद आमच्या मेजावर आणून ठेवला. त्यात पडदा होता, खुंटीवर दप्तर होते, आणि गोधडीचा प्रत्येक तुकडा निराळ्या रंगाने रंगवला होता.